वासुदेवरावांचं ‘इल्ला’

आमच्या बनशंकरीतल्या गल्लीत ‘कसे आहात?’ असं कुणी कुणाला विचारत नाही. विचारतात ते खाण्याचं. सकाळी ‘तिंडी आय्ता?’ म्हणजे नाश्ता झाला का. दुपारी ‘ऊटा आय्ता?’ म्हणजे जेवण झालं का. संध्याकाळी ‘काफी आय्ता?’ आणि दिवे लागले की पुन्हा ऊटा. या सगळ्याचं उत्तर एकच, ‘आय्तु’. झालं. पोटात कावळे कोकलत असले तरी ‘आय्तु’ म्हणायचं, वर ‘निम्दु?’ म्हणजे ‘तुमचं?’ असं विचारायचं आणि आपल्या वाटेने चालू लागायचं. विचारणाऱ्याला तुमच्या पोटाशी काही देणंघेणं नसतं, रामराम घालण्याची ही इथली रीत आहे. आमचं घराणं चार पिढ्या बंगळूरात, त्यामुळे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझे शेजारी वासुदेवराव खांबेटे मात्र लग्न झाल्यापासून इथे राहून, इथेच रिटायर होऊनसुद्धा हे शिकले नव्हते, आणि त्यापायी गेल्या वर्षी गल्लीत जे रामायण घडलं ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

वासुदेवराव मूळचे नाशिकचे. एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून स्मिताला घेऊन इकडे आले. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. म्हणजे दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, उलटीसुलटी करून मोजायची आणि नाक मुरडून बाजूला ठेवायची. या कामाचा त्यांना पगार होता, पण हौस एवढी दांडगी की तेच काम ते घरी आणि गल्लीत फुकटही करत. माझ्या पडद्याची शिवण तिरकी आहे, कोपऱ्यावरच्या योगीराजच्या किराणा दुकानाची पाटी डावीकडे कलली आहे, समोरच्या शिवलीलाच्या रांगोळीतलं कमळ एका बाजूने सुजलं आहे, हे सगळं त्यांना जाता-येता दिसे, आणि दिसलेलं पोटात ठेवणं काही त्यांना जमत नसे.

कन्नड मात्र त्यांना येत नव्हतं. कारखान्यात इंग्रजी आणि हिंदी, घरात मराठी, आणि बाकीच्या जगाशी बोलायला स्मिता. तिने इथे आल्यावर वर्षाच्या आत कन्नड असं उचललं की भाजीवाल्या तिला हुबळीची समजत. वासुदेवरावांच्या पदरात तीनच शब्द पडले होते. सरी, स्वल्प आणि इल्ला. ठीक आहे, थोडंसं आणि नाही. ‘या तीन शब्दांवर माणूस अख्खा संसार करू शकतो,’ असं ते मला एकदा म्हणाले, तेव्हा स्मिता आतून म्हणाली, ‘करू शकतो काय, करतायच की माझ्याशी.’

दुभाषी म्हणून स्मिता एक नंबरची लबाड होती. ‘ते कमळ सुजलंय, सांग तिला,’ असं वासुदेवराव म्हणाले की ती शिवलीलाकडे वळून कन्नडमध्ये सांगे, ‘हे म्हणतायत, तुमच्यासारखी रांगोळी अख्ख्या बनशंकरीत नाही.’ शिवलीला लाजून पदर सावरे. वासुदेवरावांना वाटे, बाईला चूक पटली, उद्या सुधारेल. दुसऱ्या दिवशी कमळ आणखी मोठं आणि आणखी सुजलेलं. योगीराजलाही वाटायचं की आपल्या पाटीची इतकी तारीफ करणारा गुणग्राहक माणूस दुसरा नाही. अशा रीतीने आमच्या गल्लीतला सगळ्यात खडूस माणूस सगळ्यात गोड म्हणून प्रसिद्ध झाला होता. खरं काय ते त्या घराबाहेर मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी ते आनंदाने चघळत असे.

मे महिन्यात स्मिता गेली. सकाळी माझ्याकडून विरजण घेऊन गेली, ‘वाटी संध्याकाळी आणून देते’ म्हणाली, आणि दुपारी तिचं हृदय बंद पडलं. मला तिचा अजून राग येतो. न सांगता निघून गेलेल्या माणसाचा येतो तसा. ती वाटी मी परत मागितली नाही आणि मागणारही नाही.

मागे राहिले वासुदेवराव आणि त्यांची मुलगी सुखदा. सुखदा बोम्मसंद्र्याला दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. जन्म इथला, शाळा इथली, त्यामुळे कन्नड पाण्यासारखं. आई गेल्यावर ही मुलगी रडली नाही. तिने पदर खोचला, म्हणजे जीन्सला जेवढा खोचता येतो तेवढा, आणि घराचा कारभार हातात घेतला. किराणा मोबाइलवर, बिलं मोबाइलवर, बाबांच्या गोळ्यांची आठवण मोबाइलवर. कुणी विचारलं की म्हणायची, ‘वी आर मॅनेजिंग, मावशी.’ स्वयंपाकाला बाई ठेवली. वासुदेवरावांनी तिच्या पोळीची जाडी मधे आणि कडेला अशी दोन्हीकडे मोजली आणि फरक तिला मराठीत समजावून सांगितला. बाईला मराठी येत नव्हतं पण फूटपट्टी कळत होती. ती पुन्हा आली नाही.

मग जेवणही मोबाइलवर. सुखदा सकाळी मेट्रो गाठायची, ‘ऑफिसात खाते’ म्हणायची, आणि आली की ‘खाऊन आले’ म्हणून खोलीत जायची. वासुदेवराव दुपारी कधीतरी डबा उघडून अर्धा खायचे. दोघं एका टेबलाशी बसेनात, कारण टेबलाला तिसरी खुर्ची होती. पूर्वी सुखदा दारात आली की चपला काढायच्या आत स्मिताची हाक यायची, ‘जेवलीस का गं?’ भिंतीपलीकडे मला रोज ऐकू यायची. आता दार वाजायचं, चपला वाजायच्या आणि पुढे काही नाही. माझ्याकडे कुकरची शिट्टी झाली तरी मला त्या घरातली शांतताच ऐकू यायची.

ऑगस्टमध्ये सुखदाने बाबांना समोर बसवलं. मी तेव्हा तिथेच होते, मला कुणी ऊठ म्हटलं नाही म्हणून बसून राहिले.

‘बाबा, हे असं नाही चालणार,’ ती म्हणाली. ‘तुम्ही घराबाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही. मी दिवसभर टेन्शनमध्ये असते. पुण्याला आमचं ऑफिस आहे, मी ट्रान्स्फर मागते. काका आहेत, सगळे मराठी बोलणारे आहेत. घर भाड्याने देऊ.’

‘मला इथे काय झालंय?’ वासुदेवराव म्हणाले.

‘तुम्हाला साधी कोथिंबीर आणता येत नाही, बाबा.’

‘आणेन की. दसऱ्यापर्यंत बघ. मी सगळं नीट करून दाखवतो.’

‘सरी,’ ती म्हणाली. ‘दसऱ्यापर्यंत.’

ती आत गेल्यावर वासुदेवराव मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांचे डोळे भरले होते. ‘कस्तुरीताई,’ ते म्हणाले, ‘पुण्यात स्मिताला कोण ओळखतं हो? इथे निदान ती कोथिंबीरवाली तिचं नाव घेते.’ मी म्हटलं, ‘मग उद्या जाऊन कोथिंबीर आणा.’

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवी घेऊन वासुदेवराव मोहिमेवर निघाले. समोर शिवलीला अंगणात पाणी मारत होती. ती म्हणाली, ‘तिंडी आय्ता, सार?’ सार म्हणजे इथलं ‘सर’.

शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक होता, इतकी वर्षं कानावर पडत होते. पण आजवर उत्तर स्मिता द्यायची. आज पहिल्यांदाच प्रश्न थेट त्यांच्यावर आला होता. वासुदेवराव थांबले. त्यांनी आठवून पाहिलं. सकाळपासून नुसता चहा झाला होता आणि चहाला नाश्ता म्हणणं नियमात बसत नव्हतं. जन्मात कधी खोट्या रिपोर्टवर सही न केलेला माणूस तो. स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘इल्ला.’

शिवलीलाच्या हातातली बादली कलंडली. आमच्या गल्लीच्या इतिहासात या प्रश्नाला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. ‘अय्यो पापा!’ ती म्हणाली.

वासुदेवराव कोथिंबीर न आणताच माझ्याकडे आले. ‘ती समोरची बाई मला पापी म्हणाली,’ ते म्हणाले. ‘मी तिचं काय घोडं मारलंय? तिच्या कमळाबद्दल तर मी आता बोलतही नाही.’

‘पापा म्हणजे बिचारा हो,’ मी सांगितलं. ‘स्मिता गेली म्हणून म्हणाली असेल.’ तिने आधी काय विचारलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

थोड्या वेळाने शिवलीला स्टीलच्या डब्यात इडल्या घेऊन त्यांच्या दारात उभी. दुपारी योगीराजच्या दुकानात ‘ऊटा आय्ता, सार?’ झालं. ‘इल्ला.’ योगीराजच्या बायकोकडून बिसीबेळे भात आला. संध्याकाळी ‘काफी आय्ता?’ ‘इल्ला.’ योगीराजने स्टुलावर बसवून फिल्टर कॉफी पाजली, वर चकलीसारखं खुसखुशीत एक कोडुबळं खायला लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. माणूस खरं बोलत होता, कारण लोक विचारायचे तेव्हा त्याचं जेवण खरंच झालेलं नसायचं, आणि नसायचं याचं कारण, कुठून ना कुठून डबा येणार हे आता त्याला माहीत झालं होतं.

वासुदेवरावांचे गाल वर आले. कोथिंबीर येऊ लागली, कधीकधी पुदिना यायचा पण हिरवं काहीतरी यायचं. भिंतीवरून ते मला कौतुकाने सांगत, ‘कस्तुरीताई, कानडी माणसं म्हणजे देवमाणसं हो. आमच्या नाशकात शेजारी रोज विचारेल का, जेवलात का म्हणून? आणि नुसतं विचारून थांबत नाहीत!’ मला वाटलं, गल्ली स्मिताच्या आठवणीने करते आहे. मी डोळे पुसले आणि माझ्या वाटचा एक उप्पिट्टाचा डबा नेऊन दिला.

भांडं फुटलं ते नवरात्राच्या तोंडावर. शिवलीलाने मला रस्त्यात गाठलं आणि हलक्या आवाजात विचारलं की, तुमच्या मराठी लोकांत मुली बापाला उपाशी ठेवतात का?

‘कोण ठेवतं उपाशी?’

‘ती सुखदा. सकाळी उठून मेट्रोने निघून जाते, म्हातारा दिवसभर उपाशी. सारच सांगतात ना. मी रोज विचारते, ऊटा आय्ता? रोज इल्ला. गल्लीत कुणीही विचारलं तरी इल्ला!’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तिथेच योगीराजच्या पायरीवर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. स्मिता गेल्यापासून एवढी मी हसले नव्हते. शिवलीलाला वाटलं, मला झटका आला. तिने पाणी आणलं. मी तिला सगळं समजावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मला विचारण्याआधी, मेट्रोवरून परत येणाऱ्या सुखदाला तिने फाटकात अडवून चांगलं सुनावलं होतं.

मी धावत खांबेट्यांकडे गेले तेव्हा सुखदा लॅपटॉपची बॅग खांद्यावरच ठेवून उभी होती. ‘बाबा, तुम्ही गल्लीभर सांगत सुटलायत की मी तुम्हाला जेवायला घालत नाही?’

‘मी कुठे काय सांगितलं? त्यांनी विचारलं, मी खरं ते बोललो. मग काय खोटं बोलू?’

‘अहो तो प्रश्न नाहीये! ते नमस्कार म्हणतात तसं आहे. कुणी नमस्कार म्हटलं की तुम्ही त्याला पाठदुखी सांगता का?’

मला खोकला आला. वासुदेवराव खरंच पाठदुखी सांगत. पण ही वेळ ते बोलायची नव्हती.

वासुदेवरावांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे गल्लीतले डबे रांगेने घासून उपडे ठेवले होते. ‘म्हणजे,’ ते म्हणाले, ‘हे सगळं मी मागून खाल्लं?’

‘बघितलंत ना?’ सुखदा म्हणाली. ‘म्हणून म्हणते, पुण्याला चला. रविवारी मी जयनगरला ब्रोकरला भेटतेय.’ आणि ‘खाऊन आले’ म्हणून ती खोलीत गेली.

त्यानंतर वासुदेवराव बाहेर पडेनात. इस्त्रीचा शर्ट खुंटीला लागला. शिवलीला दिसली की ते खिडकी लावून घेत. शिवलीलाला वाटे, आपण मुलीला बोललो म्हणून सार रागावले. ती माझ्या दाराशी येऊन रडून गेली. योगीराज विचारी, सारांना बरं नाही का, आणि पाटीकडे बघून उसासा टाकी. मला दोन्ही घरांचा संताप आला. मी शनिवारी जाऊन वासुदेवरावांसमोर उभी राहिले.

‘लाज वाटते ना?’ मी म्हटलं. ‘मग वाटू दे. पण लोकांचे डबे किती दिवस दाबून ठेवणार? नवरात्र आहे, बायकांना लागतात.’

‘आत्ता घेऊन जा तुम्ही.’

‘रिकामे? रिकामा डबा परत करायचा नसतो, वासुदेवराव. स्मिताने जन्मात केला नाही. निदान साखर तरी घालायची.’

मग एक डबा उचलून त्यांनी त्यावर कोरलेलं नाव बघितलं. कन्नड अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. ‘हा कुणाचा?’ त्यांनी विचारलं.

‘शिवलीलाचा. लग्नातला आहे. तिच्या आईने दिलेला.’

‘असा डबा ती मला देते?’ ते म्हणाले आणि बराच वेळ तो डबा फडक्याने पुसत राहिले, जो आधीच स्वच्छ होता.

रविवारी सुखदा जयनगरला गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी स्टूल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले. ओट्यावर एक बरणी होती. स्मिताची भाजणी. उन्हाळ्यात तिने भाजून, दळून आणलेली, तिच्या हातची शेवटची. सुखदाने ती फ्रीजच्या तळाशी ठेवली होती आणि कुणाला हात लावू दिला नव्हता.

‘सुखदाला विचारलंत का?’ मी म्हटलं.

‘नाही. ती नाही म्हणेल.’ त्यांनी बरणीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. ‘गल्लीत इतकी वर्षं डबे स्मिताचेच जायचे ना? मग आताही तिचंच काहीतरी जायला पाहिजे. मी आपलं ओट्सचं काहीतरी करून पाठवलं तर तिला आवडेल का?’

‘थापा मग,’ मी म्हटलं.

पहिलं थालीपीठ तव्याला असं चिकटलं की उलथन्याने खरवडून काढावं लागलं. वासुदेवराव म्हणाले, ‘रिजेक्ट.’ दुसरं बाहेरून काळं, आतून पांढरं. ‘रिजेक्ट.’ तिसऱ्याला भोक मधोमध पडलं नाही म्हणून त्यांनी फूटपट्टी आणली. मी ती हिसकावून घेतली आणि खुर्चीखाली टाकली. ‘स्मिता बोटाने पाडायची,’ मी ओरडले. ‘पाणी लावा हाताला. हाताला! शर्टाला नको!’ कांदा डोळ्यांत, तिखट नाकात, पीठ चष्म्यावर. माणूस शिंकत, पुटपुटत, स्वतःच्याच मालात चुका काढत उभा होता. पण चौथं जमलं. पाचव्याचा रंग तर असा आला की आम्ही दोघंही तव्यावर वाकलो.

‘कडेला जरा जाड आहे,’ वासुदेवराव शेवटी म्हणाले.

‘खबरदार,’ मी म्हटलं.

बरणी रिकामी झाली, डबे भरत आले. शिवलीलाच्या डब्यात सगळ्यात देखणी दोन ठेवली होती. तेवढ्यात फाटक वाजलं. सुखदा आली. पण नेहमीसारख्या चपला वाजल्या नाहीत. ती बाहेरच थांबली होती. वास पार रस्त्यापर्यंत गेला होता, आणि तो कुणाच्या स्वयंपाकाचा वास आहे हे त्या मुलीला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती धावतच आत आली. तिने तवा बघितला, बाबांना बघितलं आणि मग बरणी.

‘आईची भाजणी?’ ती म्हणाली. ‘सगळी?’

‘अगं, डबे द्यायचे होते...’

‘ती मी ठेवली होती, बाबा! ती एकच तर होती. ती मला पुण्याला न्यायची होती. तुम्ही ती लोकांना वाटून टाकली?’ तिचा आवाज चिरकला. मेपासून जे साठलं होतं ते सगळं त्या आवाजात होतं.

मी स्टुलावरून उठले. वासुदेवराव पिठाचे हात तसेच धरून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मला कळलं ते काय विचारणार आहेत. या घरात दारातून आलेल्या मुलीला जे विचारायचं असतं तेच. ‘जे...’ एवढंच निघालं आणि पुढे शब्द येईना. तो प्रश्न मराठीत विचारायचा हक्क एकाच व्यक्तीचा होता, आणि ती नव्हती. मग आमच्या गल्लीने इतके दिवस त्यांच्या कानात घातलेले दोन शब्द शोधून, चुकीच्या जागी जोर देऊन ते म्हणाले, ‘सुखदा, ऊटा आय्ता?’

सुखदा इथलीच. तिच्या तोंडून उत्तर आपोआप निघालं. ‘आय्तु.’

‘नीट सांग,’ वासुदेवराव म्हणाले. ‘मी रिपोर्ट तपासणार आहे.’

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

‘इल्ला,’ ती म्हणाली. ‘इल्ला, बाबा. आई गेल्यापासून मी धड जेवलेच नाहीये. ऑफिसात डबा उघडते आणि बंद करते. सगळे विचारतात, मी सगळ्यांना आय्तु म्हणते. तुम्हालापण आय्तुच म्हणत होते.’ आणि ती ओट्याला टेकून हमसून रडायला लागली, लहान असताना गुडघा फुटला की रडायची तशी, नाक वाहत.

खरं उत्तर देणाऱ्या बापाला गल्लीने खाऊ घालून गाल वर आणले होते आणि बरोबर उत्तर देणारी लेक त्याच गल्लीत उपाशी फिरत होती. मला स्वतःचीच लाज वाटली. मीही तिला रोज फाटकात विचारत होते, तिचं ‘आय्तु’ ऐकत होते आणि चालू लागत होते.

वासुदेवरावांनी टेबलापाशी जाऊन खुर्ची ओढली. ती तिसरी, स्मिताची. तिच्यावर हात आपटून, जमेल तेवढ्या अधिकाराने ते म्हणाले, ‘बन्नी.’

रडतारडता सुखदाच्या नाकातून हसू फुटलं. ‘बन्नी नाही हो, बाबा. बन्नी म्हणजे “यावं”. ते मोठ्या माणसांना. मुलीला नुसतं “बा” म्हणायचं.’

‘बा?’ वासुदेवराव म्हणाले. ‘बा तर मी आहे.’

मग मात्र आम्ही तिघंही हसलो. सुखदा बसली. थालीपीठ कुठलं द्यायचं? सगळी डब्यांत गेली होती. वासुदेवरावांनी शिवलीलाचा डबा उघडला आणि त्यातली दोन्ही सुखदाच्या ताटात वाढली. फ्रीजमधून लोणी काढलं. स्वतःसाठी त्या रिजेक्ट मालातलं दुसरं उचललं आणि तिच्या समोर बसले. मी शिवलीलाच्या डब्यात गुपचूप साखर भरली.

जेवताना सुखदाचा फोन वाजला. ब्रोकरचा होता. तिने तो पालथा ठेवला आणि लोण्यात बोट बुडवलं. वासुदेवरावांनी लगेच विषय काढला नाही. शेवटचा घास झाल्यावर मात्र त्यांना राहवेना.

‘मग?’ ते म्हणाले. ‘पुण्याचं काय?’

सुखदाने ताटाकडे पाहिलं, मग रिकाम्या बरणीकडे. ‘पण बाबा,’ ती म्हणाली, ‘आता भाजणी नवीन करायला लागणार. आणि पुण्यात कुठे मिळणार आपल्याला चांगली भाजणी?’

पुण्यात भाजणी मिळत नाही असं म्हणणारी ती जगातली पहिली मराठी मुलगी असेल. एवढं धडधडीत खोटं माझ्यासमोर या टेबलाशी कुणी बोललं नव्हतं. मी वासुदेवरावांकडे पाहिलं. चष्मा पिठाने भरला होता, तो त्यांनी काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मुलीकडे नीट निरखून पाहिलं.

‘सरी,’ ते म्हणाले.